सात महिन्यांचा गुडघा आणि पाडव्याचं मैदान : भावाला उतरू द्यावं का?

थोरली
मंडळी, मी इथं बहुतेक वेळा नुसती वाचत असते. आज लिहितेय, कारण घरात कुणाशी बोलावं तेच कळेना.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. अकराव्या वर्षापासून कोल्हापुरात तालमीत राहतो. वडील, म्हणजे आमचे अप्पा, स्वतः पैलवान होते, त्यांचं जे राहिलं ते यानं पुरं करावं असं घरात सगळ्यांनाच वाटतं, मलाही. गेल्या ऑगस्टमध्ये सरावात जोडीदारानं एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून ओढला. याचा डावा पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं. फट् असा आवाज कडेला बसलेल्या पोरांनाही ऐकू गेला म्हणतात. गुडघ्यातलं मधलं लिगामेंट तुटलं. आठवड्याभरात ऑपरेशन झालं.

परवा सहा महिने पूर्ण झाले. चालतो, जिना चढतो, सायकल मारतो. आता शेजारच्या तालुक्यातल्या एका गावची यात्रा कमिटी घरी येऊन गेली. पाडव्यानंतरच्या आठवड्यात मैदान आहे आणि दोन नंबरची कुस्ती याची लावायची म्हणतात. इनाम लाखाच्या वर. म्हणजे तेव्हा ऑपरेशनला साडेसात महिने झालेले असतील. वडील म्हणतात, "पोरगं गंजायला लागलंय, हलगी ऐकली की आपोआप उभं राहील." वस्ताद म्हणतात, "तू सांगशील तेव्हा." आणि भाऊ सगळ्यांना सांगतो की मी तयार आहे.

पण रात्री मी त्याला स्वयंपाकघरात बर्फ काढताना बघितलंय, दोनदा. दिवा न लावता गुडघ्याला बर्फ धरून बसला होता. मला बघितल्यावर म्हणाला, "ताई, अप्पांना सांगू नको."

त्याचं स्वप्न महाराष्ट्र केसरीच्या गदेचं आहे, यात्रेतल्या इनामाचं नाही. ज्यांनी अशी दुखापत बघितलीय किंवा भोगलीय त्यांनी सांगा, किती दिवसांनी उतरावं? आणि उतरायचंच तर पहिल्यांदा कुठं, मातीत की गादीवर?

पेठकर
ताई, काळजी करू नका. पैलवानाचं अंग वेगळं असतं. विनेश फोगाटचं बघा. २०१६ ला रिओत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेली. सगळे म्हणाले संपली. २०१८ ला राष्ट्रकुलचं सोनं आणि आशियाई स्पर्धेचंही सोनं. आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणारी ती भारताची पहिली महिला कुस्तीगीर. आणि बजरंग पुनिया टोकियोत दुखऱ्या गुडघ्यानं लढला, कांस्यपदकाच्या कुस्तीला गुडघ्याची पट्टी काढून उतरला आणि ८-० नं जिंकला. जिगर असली की गुडघा ऐकतो. भावाला आमचा रामराम सांगा.

सातारी_फिजिओ
थोरली, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पैलवान, कबड्डीवाले, पोलीस भरतीची पोरं असे बरेच गुडघे हाताखालून गेलेत. तुमच्या भावाचा गुडघा मी पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्याच्या सर्जनचा. पण काही गोष्टी घरच्यांना माहीत असायलाच हव्यात.

तुटलेलं लिगामेंट शिवून जुळत नाही. बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूबंधाची पट्टी काढून त्या जागी बसवतात. ही पट्टी बसवली त्या दिवशी चांगली मजबूत असते. मग शरीर तिला आपलंसं करायला लागतं, तिच्यात नवीन रक्तवाहिन्या शिरतात, जुनी वीण उसवून नवी विणली जाते. या काळात ती उलट कमजोर होते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पेशंटला वाटतं आपण बरे झालो, आणि आतली दोरी तेव्हाच सगळ्यात नाजूक असते. पूर्ण मुरायला वर्ष आणि त्याहून जास्त लागतं. दुखत नाही म्हणजे दोरी मुरली असं नाही, हे पोरांना पटवून देणं हेच आमचं सगळ्यात अवघड काम.

वळण असलेल्या आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतू नये असं सर्वसाधारणपणे सांगतात. नॉर्वेतल्या एका अभ्यासात असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागं पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्यानं कमी होत गेला. आणि नऊ महिने भरले म्हणजे मोकळीक, असंही नाही. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के हवी. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचं अंतर मोजतात, तेही तितकंच जुळायला हवं.

मला तीन गोष्टी कळवा. पट्टी कुठली बसवली? गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चेची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली होती का आणि असल्यास कापली की टाके घातले? उडीची चाचणी झाली का?

आणि रात्रीचा बर्फ ही साधी गोष्ट समजू नका. सरावानंतर सूज येते याचा अर्थ गुडघा म्हणतोय, आजचं ओझं मला झेपलं नाही.

पेठकर
डॉक्टर, तुमचा मान ठेवून विचारतो. विनेशचं २०२३ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एप्रिल २०२४ ला तिनं ऑलिंपिकचा कोटा मिळवला. आठ महिने झाले ना? पॅरिसला तर तिनं जपानच्या सुसाकीला हरवलं, जी तोवर परदेशी मल्लाकडून कधी हरलीच नव्हती. मग आमच्या पोराला नियम वेगळा का?

सातारी_फिजिओ
वेगळा नाही. तिच्यामागं रोज मोजमाप करणारी माणसं होती. कुठल्या दिवशी किती भार, कुठला डाव सोडायचा, सगळं लिहिलेलं. आणि ती सहा मिनिटांची गादीवरची कुस्ती खेळली, समोरची मुलगी तिच्याच वजनाची. यात्रेच्या मैदानात यांच्या भावासमोर दहा-बारा किलोनं जड मल्ल उभा केला तर? निकाली कुस्ती, म्हणजे कुणीतरी चीत होईपर्यंतची, अर्धा तास चालली तर? दमलेला पाय चुकीचा पडतो. बजरंगच्या त्या गुडघ्याचं तर ऑपरेशनच झालेलं नव्हतं, ती तुलना इथं लागत नाही.

शिरोळचा_मल्ल
पोरी, मी ६१ वर्षांचा आहे. कोल्हापुरात आठ वर्षं तालीम केली. तुझ्या भावाला झालं तेच मला झालं, फक्त तेव्हा ऑपरेशन कुणी करून घेत नव्हतं. हाड बसवणाऱ्याकडं नेलं, बांबूच्या कामट्या लावल्या, वर लेप. पाचव्या महिन्यात मी मैदानात होतो. मला कुणी ढकललं नव्हतं, मीच तालमीत खोटं बोललो. बैठका मारताना सगळा भार उजव्या पायावर घेत होतो आणि वस्तादांचं लक्ष दुसरीकडं असलं की थांबत होतो.

त्या मैदानात पहिली दहा मिनिटं खडाखडी झाली. गर्दनखेच, मनगट धरणं, ढकलाढकली. मला वाटलं जमतंय. मग समोरचा मल्ल ढाक या डावाला आला. मी डाव्या पायावर वळलो आणि पाय खालून निघून गेला, कुणी खालचं जातं फिरवावं तसा. चितपट झालो. त्याचं दुःख नाही, पडणं हा पैलवानाचा धंदाच आहे. त्यानंतर मी कधी डाव्या पायावर वळलो नाही. सात वर्षं कुस्त्या केल्या, पण अर्ध्या डावांवर. ढाक गेली, टांग गेली. जे डाव माझे होते ते मी दुसऱ्याच्या अंगावर बघत बसलो.

आज उसाच्या सरीत पाय वाकडा पडला तरी गुडघा बाहेर येतो.

भावाला सांग, दिवा लावून बर्फ लाव म्हणावं. लपवलेल्या गुडघ्यानं मैदान मारता येत नाही.

कुस्तीवेडी
शिरोळचे काका, तुमचं वाचून डोळे भरून आले.

मी कागल तालुक्यातली. ६२ किलोत राज्य स्पर्धा खेळलेय, माझंही हेच ऑपरेशन झालंय. थोरली ताई, तुम्हाला एक सांगते जे डॉक्टर सांगत नाहीत. पाय बरा झाला तरी भीती जात नाही. समोरची खाली वाकली, तिचे हात माझ्या गुडघ्याकडं यायला लागले की माझं सगळं अंग मागं जायचं. पट काढायला आली तर पाय मागं टाकून छाती तिच्या पाठीवर द्यायची, हे मला दहाव्या वर्षापासून येतं. पण त्या क्षणाला शरीर आठवतच नव्हतं. मी अकराव्या महिन्यात गादीवर आले आणि पहिले दोन महिने फक्त ओळखीच्या मैत्रिणीकडून पट काढून घेत होते. हळू, मग जरा जोरात, मग न सांगता. रोज वीस-तीस वेळा. त्यानंतर एक दिवस लक्षात आलं की आज मी गुडघ्याचा विचारच केला नाही.

पहिली स्पर्धा मी हरले. दुसरीत पदक. ज्या दिवशी मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, त्या दिवशी मी प्रेक्षकांत होते. तेव्हा ठरवलं होतं की परत यायचंच. म्हणून म्हणते, भावाचं स्वप्न मोडू नका, फक्त तारीख बदला.

सांगलीकर_अण्णा
आमच्या सांगलीचं नाव निघालं म्हणून आलो. मातीत की गादीवर, याचं माझं उत्तर सरळ आहे : गादी. खेळ आता गादीचा आहे. गादीवर वेळ ठरलेली, पंच जवळ, पाय सपाट पडतो. मातीत हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, कसा खणलाय त्यावर सगळं. एका गावात माती खिरीसारखी मऊ, दुसऱ्या गावात वर भुसभुशीत आणि खाली दगडासारखी.

पेठकर
अण्णा, माती ही आई आहे. ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालून मळलेल्या तांबड्या मातीत पडलं तर लागत नाही. गादीवर बूट चिकटतो आणि गुडघा फिरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सांगलीकर_अण्णा
भावा, ताईंच्या भावाचा पाय मातीतच रुतला होता, वर वाच की. माती आईच आहे, आपण दोघंही तिचीच लेकरं. पण तालमीतली रोज मळलेली माती वेगळी आणि यात्रेच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरनं आणून टाकलेली वेगळी.

पेठकर
हे मात्र खरं. मान्य.

राजारामीयन
थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरूनच. मातीतून गादीवर जाणं ही कोल्हापूरची जुनीच गोष्ट आहे. खाशाबा जाधव मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले आमच्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीत घडलेला हा मल्ल गादीवर जगातल्या लोकांशी लढून सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि पुढच्या ऑलिंपिकच्या आधी काय आडवं आलं? गुडघाच. त्या काळात ही ऑपरेशनं असती तर, असा विचार मी खासबागेवरून जाताना कितीदा केलाय.

खासबागेचं नाव काढलं म्हणून सांगतो. शाहू महाराजांनी ते मैदान १९१२ ला पुरं केलं. रोमचं गोल क्रीडागार बघून आले होते, तशीच रचना. खोलगट गोल, मधे हौदा, कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. आजोबांच्या खांद्यावर बसून मी तिथं पहिली कुस्ती बघितली. निकाल आठवत नाही, पण शड्डूचा आवाज आठवतो. चारी बाजूंनी फिरून परत यायचा.

कळंब्याचा
मी थोडं वेगळं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. नऊ महिने, वर्ष, सगळं बरोबर आहे. पण पैलवानाच्या घरचा हिशेब कुणी मांडला नाही. माझा चुलतभाऊ तालमीत आहे. दूध, तूप, बदाम, मटण धरून खुराक महिन्याला वीस हजारांच्या खाली येत नाही. कुस्त्या असतात दिवाळीपासून मेपर्यंत. तेवढ्या यात्रांत जे मिळतं त्यावर पावसाळा काढायचा. एक मोसम बुडाला की घरच्यांची एखादी म्हैस विकली जाते. आणि वय थांबत नाही. तेवीसचा पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पोरं लवकर उतरतात. त्यांना अक्कल नाही म्हणून नाही.

ताई, ऑपरेशनचं कर्ज आहे का? असेल तर इनामाचा विचार घरात कुणाच्या मनात आला तरी त्यात लाज नाही.

थोरली
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रभर वाचत होते.

फिजिओ दादा, कागद काढून बघितले. पट्टी मांडीच्या मागची बसवलीय. मेनिस्कसला टाके घातलेत. उडीची चाचणी काल करून घेतली, डावा पाय उजव्याच्या ७२ टक्के आला.

कळंब्याचे दादा, तुम्ही बरोबर नाडी पकडली. कर्ज आहे. अप्पांनी सोसायटीतून काढलंय. भावाला ते माहीत आहे आणि तो तयार आहे असं का म्हणतो ते मला तुमचं वाचून कळलं. आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

काका, तुमची पोस्ट मी अप्पांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून उठून गोठ्यात गेले.

सातारी_फिजिओ
७२ टक्के आणि टाके घातलेलं मेनिस्कस. थोरली, पाडव्याचं मैदान नको. खोल बैठकीत आणि पिळात त्या टाक्यांवरच भार येतो. माझं मत एवढं स्पष्ट आहे.

आजपासून एक करा. शिंप्याची मापाची फीत घ्या. रोज सकाळी उठल्या उठल्या दोन्ही गुडघे वाटीच्या मध्यावर मोजा, वहीत लिहा. डावा उजव्यापेक्षा वाढला की त्या दिवशीचा व्यायाम कमी. मांडीसुद्धा वाटीच्या वर एक वीत मोजा, ती किती भरतेय ते कळेल. आणि त्याचं वजन किती वाढलंय?

थोरली
अकरा किलो.

गंगावेशकर
ते होणारच. घरी बसला की आई खुराक दुप्पट करते, माझी पण करायची. आमच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात ना, तिथं एक पैलवान हात मोडलेला असताना रोज यायचा. म्हणायचा, हाड जुळायला दूध लागतं. हाड जुळलं, पण शर्ट शिवणाऱ्यानं मापं दोनदा बदलली.

सातारी_फिजिओ
:) दूध चांगलंच आहे. पण मेहनत बंद असताना मेहनतीचा खुराक नको. अकरा किलो जास्तीचे, आणि पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. मटण-अंडी ठेवा, मांडी भरायला लागतात. तूप आणि थंडाई अर्ध्यावर आणा.

कुस्तीवेडी
कमिटीचं काय करायचं ते मी सांगते. त्यांना नाही म्हणायला पैलवानाला फार जड जातं, पोस्टरवर फोटो लागणार असतो. आमच्या वस्तादांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी हीच जोड तुमच्याच मैदानात लावू, शब्द माझा." कमिटी लगेच मानली. वस्तादांच्या तोंडून नकार गेला की पोराची मान खाली होत नाही. "तू सांगशील तेव्हा" हे वस्तादांचं प्रेम आहे, पण २३ वर्षांच्या पोरावर ते ओझंही आहे. अप्पांनी तालमीत जाऊन एकदा त्यांच्याशी बोलावं.

राजारामीयन
आणि गदा कुठं पळून जात नाही. २००० साली विनोद चौगुलेंनी महाराष्ट्र केसरी मारली, त्यानंतर कोल्हापूरनं थेट २०२२ ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलच्या खांद्यावर गदा बघितली. एवढी वर्षं अख्ख्या जिल्ह्यानं वाट बघितली. दर वर्षी अंतिम कुस्तीला टीव्हीसमोर बसायचो आणि गदा दुसऱ्याच जिल्ह्यात जायची.

पेठकर
त्या रात्री आम्ही पेठेत झोपलो नाही. ताई, मी वर जे लिहिलं ते मागं घेतो. बर्फाची गोष्ट मी नीट वाचलीच नव्हती. थांबू दे त्याला.

शिरोळचा_मल्ल
परत आलो, कारण मूळ प्रश्नाचा एक भाग राहिलाय. पहिल्यांदा कुठं, असं पोरीनं विचारलं. माझ्या मते मातीत की गादीवर यापेक्षा पहिली जोड कुणाशी, हे महत्त्वाचं.

तालमीत दुखापतीतून आलेल्या पैलवानाला जागा नसते. एक तर तो पूर्ण जोडीत उतरतो, नाही तर कडेला बसून थंडाई घोटतो. मधलं काही नाही. ते मधलं तयार करावं लागतं. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा पहिले पंधरा दिवस त्यानं फक्त हौदा खणावा. खोरं घेऊन माती वरखाली करताना दोन्ही पायांवर भार येतो-जातो, पायाला जमिनीची ओळख पटते. मग खालची कुस्ती. कब्जा घेणं, घिस्सा, पकड सोडवणं. बसून आणि रांगून. वळायचं काम नाही. त्याच्या पुढं खडाखडी, डाव नाही. आणि सगळ्यात शेवटी पट आणि ढाक.

जोडीदार म्हणून बरोबरीचा मल्ल देऊ नये. बरोबरीचा समोर असला की रक्त गरम होतं. चौदा-पंधरा वर्षांचं चपळ पोरगं द्यावं, ज्याला हा शिकवेल. शिकवताना माणूस हळू हालतो आणि स्वतःचा पाय कुठं पडतोय ते बघतो. मला हे कुणी सांगितलं असतं तर माझी ढाक राहिली असती.

कळंब्याचा
काका, हे छापून तालमीतालमीत लावायला पाहिजे.

थोरली (मे महिना)
धागा वर काढतेय, माफ करा. अनेकांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून लिहिते.

पाडव्याच्या मैदानात भाऊ उतरला नाही. अप्पा स्वतः तालमीत गेले, वस्तादांशी दार लावून अर्धा तास बोलले. वस्तादांनी कमिटीला फोन केला. मैदानाच्या दिवशी भाऊ गेला मात्र होता. कमिटीनं फेटा बांधला, हलगीच्या मागून हौद्याला एक फेरी मारायला लावली. परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. रात्री दिवा लावून बर्फ काढला.

कर्जाचं अप्पांनी त्याला समोर बसवून सांगितलं, ते मी आणि अप्पा बघतोय, तुझं काम गुडघा. वजन सात किलोनं उतरलंय. मागच्या आठवड्यात उडी ९१ टक्के आली, सर्जननी हलक्या सरावाला हो म्हटलं. कुस्ती लावायची परवानगी अजून नाही, ती पावसाळ्यानंतर बघू म्हणाले.

पहिले काही दिवस त्यानं फक्त हौदा खणला, काका, तुम्ही सांगितलं तसं. काल पहिल्यांदा एका तेरा वर्षांच्या पोराला घिस्सा शिकवला. अप्पा आणि मी कट्ट्यावर बसून बघत होतो. पोरगं तीनदा निसटलं, चौथ्यांदा सापडलं, आणि भाऊ मातीनं माखलेल्या तोंडानं आमच्याकडं बघून हसला. नऊ महिन्यांनी त्याच्या अंगाला माती बघितली.

शिरोळचा_मल्ल
आज सकाळी फीत लावली का?

थोरली
अप्पाच लावतात रोज, पाच वाजता, तो उठायच्या आधीच वही घेऊन बसलेले असतात. दोन्ही सारखे आहेत.